पायांचं बोलणं ऐकणारा डॉक्टर

आपल्या पनवेलमध्ये गेल्या काही वर्षांत सकाळी पळणाऱ्या बायका दिसू लागल्या आहेत. वडाळे तलावाच्या काठाने, नवीन पनवेलच्या रुंद रस्त्यांवर, चाळिशी ओलांडलेल्या, दोन-दोन मुलांच्या आया. पाहून बरं वाटतं. पण त्यातल्या बऱ्याच जणींकडे सहा महिन्यांत दुसरंच पुराण सुरू होतं. कुणाची टाच, कुणाची नडगी, कुणाचा गुडघा. आणि शर्यत जवळ आली की एक सल्ला अगदी हमखास ऐकू येतो, पळायच्या आधी एक वेदनाशामक गोळी घेऊन टाक म्हणजे काही जाणवणार नाही.

हा सल्ला कानावर आला की मला डॉ. पॉल ब्रँड आठवतात. आपल्या पेशंटना दुखावं, निदान थोडं तरी दुखावं, यासाठी ज्यांनी उभं आयुष्य घालवलं ते हे डॉक्टर. कुष्ठरोगाचं काम करणाऱ्यांना, हाडांच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना हे नाव नवीन नाही. आपल्यासारख्या घरच्या बायकांना मात्र ते माहीत हवं, असं मला फार वाटतं. कारण त्यांनी जे शोधलं ते शेवटी आपल्या तळपायाशी येऊन पोचतं.

ब्रँड इंग्रज, पण जन्म आपल्याच देशातला. १७ जुलै १९१४ रोजी, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात. वडील जेसी आणि आई एव्हलिन हे मिशनरी. त्या डोंगरात ना रस्ता, ना दवाखाना. वडील सुतारकाम करायचे, घरं बांधायचे, आणि थोडंफार वैद्यकीय शिक्षण घेतलेलं असल्याने जमेल तसे औषधपाणीही करायचे. त्या काळी तिथे नारूचा सुळसुळाट होता. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना नारू म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. काडीवर गुंडाळत गुंडाळत तो जंत पायातून हळूहळू बाहेर काढायचा, हे छोट्या पॉलने वडिलांच्या हाताने होताना पाहिलं होतं. एकदा कुष्ठरोग झालेले तिघे जण दारात आले. वडिलांनी मुलांना लांब राहायला सांगितलं आणि स्वतः त्यांचे पाय धुऊन पट्ट्या बांधल्या. एवढं धीराचं माणूस, पण या तिघांसमोर त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, ती मुलाने टिपली.

पॉल आणि धाकटी बहीण कॉनी दिवसभर अनवाणी हुंदडायची. नऊ वर्षांचा झाल्यावर मात्र शिक्षणासाठी त्याची रवानगी इंग्लंडला झाली. पायात बूट, अंगात कडक कपडे आणि लंडनमधलं नातेवाइकांचं घर. डोंगरातल्या पोराला हे कसं मानवणार? त्यात १९२९ मध्ये वडील तापाने गेल्याची तार आली. तारेनंतर कितीतरी दिवसांनी वडिलांचं पत्र आलं, बोटीच्या टपालाने, मरणाआधी लिहिलेलं. त्याचा विचार केला तरी पोटात कालवतं.

वडिलांचं औषधपाणी पाहिलेल्या या मुलाला डॉक्टर मुळीच व्हायचं नव्हतं. पू, रक्त, जखमा यांची त्याला शिसारी होती. त्याने चक्क गवंडीकाम आणि सुतारकाम शिकायला घेतलं आणि त्यात चार-पाच वर्षं काढली. हे लोकांना वाया गेलेलं वाटेल. मला तर पुढच्या सगळ्याचं मूळ त्यातच दिसतं. भिंतीवर भार कुठून येतो, सांधा कुठे कमजोर पडतो, लाकूड कुठे चिरतं, हे ज्याच्या हातांना कळतं, त्याने माणसाच्या पायाकडे पाहिलं की त्याला वेगळंच काहीतरी दिसणार.

पुढे मिशनसाठी उपयोगी पडेल म्हणून वैद्यकाचा एक छोटा अभ्यासक्रम केला आणि मन फिरलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये रीतसर शिक्षण झालं. तिथेच वर्गात मार्गारेट बेरी भेटल्या. १९४३ मध्ये लग्न. दुसरं महायुद्ध सुरू होतं, लंडनवर बाँब पडत होते, आणि चिरडलेले हात-पाय जोडण्याचं शिक्षण टेबलावरच मिळत होतं. १९४६ च्या अखेरीस ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले, डॉ. आयडा स्कडर या बाईंनी उभं केलेल्या संस्थेत. मार्गारेट थोड्या दिवसांनी मुलांना घेऊन आल्या. त्याही डॉक्टर. पुढे कुष्ठरोग्यांच्या डोळ्यांवर त्यांनी जे काम केलं त्यावर एक वेगळा लेख होईल. नवऱ्याचं चरित्र सांगताना बायकोला एका ओळीत उरकायचं, हे मला आवडत नाही, पण आज नाइलाज आहे. सहा मुलं वाढवून त्यांनी ते केलं, एवढं तरी सांगायलाच हवं.

१९४७ मध्ये डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी ब्रँडना चिंगलपेटचं कुष्ठधाम दाखवायला नेलं. कॉक्रेन त्वचेचे जाणकार. ते चट्टे दाखवत होते आणि ब्रँड बघत होते हात. बोटं आखडून पंज्यासारखी झालेले हात, झडलेली बोटं. या हातांवर कुणी काही उपाय का करत नाही, असं त्यांनी विचारलं. तर कुष्ठरोग्याच्या हाडांचा अभ्यास करायला कुणी हाडांचा डॉक्टर आजवर आलेलाच नव्हता! एका पेशंटला त्यांनी आपला हात दाबून बघायला सांगितलं. वाटलं, या लुळ्या बोटांत काय जोर असणार. त्या माणसाने असा दाबला की ब्रँड कळवळले. म्हणजे स्नायू जिवंत होते! काही ठरावीक नसा तेवढ्या मेल्या होत्या, बाकीचं यंत्र शाबूत होतं. आणि त्या माणसाला मात्र आपण दुसऱ्याला दुखवतोय याचा पत्ताच नव्हता.

तोवर सगळ्या जगाची समजूत अशी होती की कुष्ठरोगात मांस सडतं आणि बोटं गळून पडतात. ब्रँडना ते पटेना. शस्त्रक्रिया केल्यावर या लोकांच्या जखमा तर इतरांसारख्याच भरून येत होत्या. मग बोटं जातात कुठे? त्यांनी पोलिसासारखा तपास सुरू केला. एकदा गंजलेलं कुलूप त्यांना स्वतःला उघडेना, तर एका कुष्ठरोगी पोराने किल्ली सहज फिरवली. ब्रँडनी त्याचा हात पाहिला, तर बोट हाडापर्यंत चिरलं होतं आणि पोरगं शांत उभं. वेल्लोरला त्यांनी अशा मुलांसाठी एक छोटी वसाहत केली होती, मातीच्या झोपड्यांची. तिथे मुलं सुतारकाम शिकायची. रोज प्रत्येकाचे हातपाय तपासायचे, नवी जखम दिसली की ती कशामुळे झाली ते शोधून काढायचं, असा नेम ठेवला. कुणी तापलेलं भांडं धरलेलं असे, कुणी हातोडी फार घट्ट आवळलेली असे. तरी रात्रीतून बोटाचा तुकडा नाहीसा होण्याचं कोडं सुटेना. शेवटी रात्री पहारा ठेवला, तेव्हा कळलं की झोपेत उंदीर कुरतडत होते. ज्याला दुखतच नाही तो जागा कसा होणार? मग घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला एक मांजर मिळू लागली.

म्हणजे रोग बोटं खात नव्हता. तो फक्त वेदना चोरून नेत होता आणि बाकीचं काम रोजचं जगणंच करत होतं.

हातांची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली. चांगल्या स्नायूचा कंडरा सोडवून लुळ्या बोटाला नेऊन जोडायचा. पायाचंही तसंच. नस गेली की पाऊल पुढून लोंबतं, चालताना फरपटतं. अशा वेळी पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूचा कंडरा वरच्या बाजूला आणून जोडायचा. पण कंडरा हलला तरी मेंदूला ते कुठे माहीत असतं? तिथे फिजिओथेरपिस्टचं काम सुरू होतं. पेशंटने पाऊल आत वळवायचा विचार करायचा आणि ते वर उचललं जाताना डोळ्यांनी पाहायचं. पुन्हा पुन्हा, आठवडेच्या आठवडे, मेंदूला नवी सवय लागेपर्यंत. रूथ थॉमस नावाच्या फिजिओथेरपिस्ट बाई या कामात सुरुवातीपासून ब्रँडच्या बरोबर होत्या. कुष्ठरोग्याला हात लावायला डॉक्टर घाबरत होते त्या दिवसांत या बाई त्यांची बोटं हातात घेऊन बसायच्या.

मेरी व्हर्गीस यांचं नाव मी मुद्दाम इथे आणते. वेल्लोरच्याच तरुण डॉक्टर. १९५४ मध्ये गाडीच्या अपघातात पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. ब्रँडनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसून हातांच्या शस्त्रक्रिया करायला उद्युक्त केलं. उभं राहता येत नसलेली डॉक्टरीण पेशंटचे हात जुळवतेय! पुढे त्या परदेशात पुनर्वसनाचं शास्त्र शिकून आल्या, वेल्लोरला तो विभाग त्यांनी सांभाळला आणि १९६६ मध्ये अपंगांसाठी वेगळी पुनर्वसन संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सगळं गोड गोडच होतं असं नाही. बरे झालेले हात घेऊन घरी गेलेले काही जण परत आले, तक्रार घेऊन. पूर्वी वाकड्या बोटांना भीक तरी मिळायची, आता तीही नाही, आणि अंगावर डाग म्हणून कामही कुणी देत नाही. सामाजिक काम करणाऱ्या कुणालाही हा प्रसंग वाचून स्वस्थ बसवणार नाही. ब्रँडनाही बसवलं नाही. ती सुतारकामाची वसाहत, तो हुन्नर शिकवण्याचा खटाटोप, त्याचं कारण हेच. आपल्या पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवन आहे. रोग बरा झालेल्या माणसाला हाताला काम आणि राहायला घर नसेल तर तो बरा होऊन कुठे जाणार, हे तिथे गेलं की पुस्तक न वाचताही समजतं.

आता पायांकडे येते, कारण पळणाऱ्या मैत्रिणींसाठी खरी गंमत इथे आहे. कुष्ठरोग्यांच्या तळपायाला खोल जखमा व्हायच्या. पायाला प्लॅस्टर घालून ठेवलं की त्या भरून यायच्या. माणूस चालायला लागला की पुन्हा उघडायच्या. औषधाने काही फरक पडत नव्हता. ब्रँडमधला गवंडी जागा झाला. दोष जंतूंचा नाही, भाराचा आहे, हे त्यांनी ओळखलं. अंगाचं सगळं वजन तळव्याच्या एवढ्याशा जागेवर, तेही दर पावलाला तिथेच पडलं, तर मांस किती दिवस सोसणार? मग चपलांचे प्रयोग सुरू झाले. लाकूड, मेण, रबर, काय काय करून पाहिलं. शेवटी बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपलेने काम केलं. ज्यांची पावलं फारच बिघडली होती त्यांना खालून गोलाकार, न वाकणारा तळ दिला, म्हणजे पाऊल न दुमडता पुढे झुलतं. त्या मऊ रबराच्या चपला आजही आपल्याकडे कुष्ठरोग्यांना सरकारी कार्यक्रमातून दिल्या जातात. त्यातही एक मेख निघालीच. चप्पल ओळखून लोक लांब सरकू लागले, म्हणून काही जण ती घालायलाच तयार नसत.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि पुढची वीस वर्षं तिथे राहिले. तिथे त्यांना इंजिनिअर मिळाले, यंत्रं मिळाली. उंदरांच्या पंजाला हळुवार दाब द्यायचा, पण दिवसातून हजारो वेळा, असा प्रयोग त्यांनी केला. एक दाब काहीच नव्हता. तोच दाब रोज हजारो वेळा दिल्यावर पंजा लाल झाला, सुजला आणि काही दिवसांत त्याला जखम झाली. मात्र दाबांची संख्या कमी केली आणि मधे विश्रांती दिली, तर तीच कातडी उलट जाड आणि मजबूत झाली. मैत्रिणींनो, हे वाक्य पळणाऱ्या प्रत्येकीने फ्रिजवर लावून ठेवावं असं आहे. पळताना दर पावलाला आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीवर येतो. साठ किलोची बाई किलोमीटरला साधारण हजारावर पावलं टाकते. हाडाला, कंडऱ्याला तो भार नवा असतो. हळूहळू वाढवला, मधे सुटीचे दिवस ठेवले, तर शरीर भक्कम होतं. एकदम वाढवला तर तेच शरीर फाटतं. बुटांच्या किमतीशी याचा फारसा संबंध नाही.

दुसरा प्रयोग मला त्याहून आवडतो. दाब पडला की बारीक कुप्या फुटून रंग उमटेल असे मोजे त्यांनी तयार करून घेतले, आणि पाऊल कुठे तापलंय ते दाखवणारं यंत्र वापरलं. मग धडधाकट माणसांना पळवलं. स्वतःही काही मैल पळाले आणि अधूनमधून थांबून पावलं तपासली. काय आढळलं? सुरुवातीला तळव्याच्या एका भागावर जोर होता, तो पुढे दुसऱ्या भागावर सरकला, मग आणखी वेगळीकडे. पळणाऱ्याला काही कळतही नव्हतं, पण त्याचं शरीर दर थोड्या वेळाने भार इकडून तिकडे देत होतं. डोक्यावरचा हंडा आपण या कमरेवरून त्या कमरेवर घेतो ना, तसं. कुष्ठरोग्याचं पाऊल मात्र पहिल्या मैलाला जसं पडलं तसंच शेवटच्या मैलाला पडत राहिलं. त्याच्या पायाला कुणी सांगायलाच नव्हतं.

आता त्या गोळीकडे बघा. गोळी घेऊन पळणारी बाई काही तासांपुरतं हे सांगणारं तोंड बंद करते. एरवी न कळत बदललं गेलं असतं ते पाऊल बदलत नाही, जिथे थांबायचं तिथे ती थांबत नाही. शिवाय तासन्‌तास घाम गाळताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडावरही ताण येतो, तो वेगळाच. स्नायू ठणकणं आणि हाडावर एका बोटाएवढ्या जागी टोचल्यासारखं दुखणं यात फरक असतो. दुसऱ्या प्रकारचं दुखणं रोज त्याच जागी येत असेल, तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. चांगला फिजिओथेरपिस्ट आधी तुम्हाला चालवून, पळवून बघतो, पावलं लांब पडतात का, कंबर एका बाजूला झुकते का, पोटरी आणि मांडी किती अशक्त आहे. मग पावलं थोडी छोटी आणि भरभर टाकायला लावतो, व्यायाम देतो. नुसता शेक घेऊन घरी पाठवलं तर आपण विचारायला हवं की बाकीचं कधी.

ब्रँडनी आणखी एक खटाटोप केला. ज्यांना वेदना नाही त्यांना यंत्राने ती द्यायची. हातमोज्यात दाब मोजणारी साधनं बसवली, दाब वाढला की कानात आवाज. लोक आवाजाकडे दुर्लक्ष करू लागले. मग विजेचा हलका झटका ठेवला. तर हातातलं काम पुरं करायचं म्हणून पेशंट खुशाल बटण बंद करायचे! काही वर्षं आणि भरपूर पैसा खर्चून तो नाद सोडावा लागला. वेदना आपल्या हातात बंद करता येत नाही, म्हणूनच ती उपयोगी पडते, एवढं मात्र त्यातून त्यांना पक्कं समजलं.

हे त्यांना पुस्तकातून समजलं नव्हतं. वेल्लोरच्या दिवसांत एकदा ते लांबच्या प्रवासाहून इंग्लंडला पोचले. रात्री मोजे काढताना लक्षात आलं, टाचेला स्पर्शच कळत नाहीये. सुई टोचली, तरी काही नाही. इतकी वर्षं कुष्ठरोग्यांत वावरलेला माणूस, त्याच्या मनात काय आलं असेल? ती रात्र त्यांनी बायकामुलांपासून दूर राहण्याची मनाची तयारी करत काढली. सकाळी धीर करून पुन्हा सुई टोचली आणि कळ थेट मस्तकात गेली. प्रवासात अवघडून बसल्याने नस दबली होती, एवढंच. त्या कळेने त्यांना जेवढा आनंद झाला तेवढा कशानेच झाला नसेल.

त्यांना १९६० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, इंग्लंडच्या राणीने सन्मान दिला, पुस्तकं निघाली. आई एव्हलिन यांनी मात्र म्हातारपणीही डोंगर सोडला नाही, तट्टावर बसून वाड्यावस्त्या फिरत राहिल्या, आणि ९५ व्या वर्षी, १९७४ मध्ये गेल्या. मला या घरातलं सगळ्यात मोठं माणूस तीच वाटते. ब्रँड निवृत्तीनंतर सिएटलला राहिले आणि ८ जुलै २००३ रोजी गेले. नव्वदीच्या उंबरठ्यावर होते.

भारतात डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नाही असं जाहीर झालं. तरी जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही आपल्याच देशात सापडतात. आणि जोडीदाराला कुष्ठरोग झाला हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होतं! औषध गोळ्यांच्या पाकिटात मिळू लागल्यानंतरही कितीतरी वर्षं.

ब्रँडचं काम मात्र आता कुष्ठरोग्यांपुरतं राहिलेलं नाही. जुन्या मधुमेहातही पायाची जाणीव अशीच हळूहळू जाते. ते प्लॅस्टर, त्या मऊ चपला, तापलेली जागा शोधणं, हे सगळं आज मधुमेहाच्या पायांसाठी वापरतात. आपल्या घरात सासूबाई असतील, आई असेल, वीस-वीस वर्षं साखर असलेली. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचं, शिर्डीला पायी जायचं, यात त्यांची श्रद्धा आहे, तिला हात लावायचं कारण नाही. पण ज्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, तापलेला डांबरी रस्ता कळत नाही, त्या पायाने अनवाणी चालू नये, एवढं तरी त्यांना समजावून सांगा. देवीसाठी दुसरा एखादा नेम धरता येईल. आणि रोज रात्री झोपताना, ब्रँड त्या मुलांचे बघायचे तसे, त्यांचे तळवे उजेडात बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यांनाच बघू द्या. बोटांच्या बेचक्यात, टाचेच्या कडेला, आणि अंगठ्याच्या खाली जिथे कातडी जाड झालेली असते तिथे आधी बघायचं.